मेंदूचे पहारेकरी : स्त्रीचे आणि पुरुषाचे

'साठी बुद्धी नाठी' ही म्हण आपल्याकडे इतकी रूढ झाली आहे की, घरातील वृद्ध माणूस विसरू लागले तर त्यात विचार करण्यासारखे काही आहे असे कोणास वाटत नाही. आजोबा छत्री कोठे ठेवली ते विसरले, आजीने आमटीत दोनदा मीठ घातले, की घरची मंडळी हसतात आणि 'वय झाले' असे म्हणून आपापल्या कामास लागतात. पुष्कळदा ते खरेही असते. परंतु काही माणसांचे विसरणे वयाचे नसते, ते रोगाचे असते. आणि गेल्या वीस-पंचवीस वर्षांत वैद्यकशास्त्राला असे दिसून येऊ लागले आहे की, हा रोग स्त्रीच्या मेंदूत आणि पुरुषाच्या मेंदूत अगदी एकाच वाटेने चालत नाही. या दोन वाटा कोठे निराळ्या होतात, शास्त्रज्ञांच्या हे ध्यानी येण्यास इतका विलंब का लागला आणि आपल्या कुटुंबांनी त्यातून काय शिकावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

फ्रँकफर्टची रुग्ण

१९०१ सालच्या नोव्हेंबर महिन्यात जर्मनीतील फ्रँकफर्ट शहराच्या मनोरुग्णालयात ऑगस्टे डेटर नावाची ५१ वर्षांची एक स्त्री दाखल झाली. तिचा पती रेल्वेत कारकून होता. ही गृहिणी प्रथम पतीवर विनाकारण संशय घेऊ लागली, मग वस्तू लपवून ठेवू लागली, आणि अखेर स्वतःच्या घरातही गोंधळून जाऊ लागली. रुग्णालयातील डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी तिला तिचे नाव लिहावयास सांगितले, तेव्हा तिला ते पुरे करता आले नाही. आपण स्वतःलाच हरवून बसलो आहोत, अशा अर्थाचे तिचे उद्गार त्यांनी टिपून ठेवले आहेत.

१९०६ च्या एप्रिलमध्ये ती मरण पावली. डॉ. अल्झायमर त्या वेळी म्युनिक येथे काम करीत होते. तिचा मेंदू तपासणीसाठी त्यांच्याकडे पाठविण्यात आला. मेंदूचे पातळ काप करून, ते चांदीच्या क्षारांनी रंगवून त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा त्यांना दोन गोष्टी ठळकपणे दिसल्या. मज्जापेशींच्या बाहेर कसल्याशा पदार्थाचे कण साचून डाग पडले होते, आणि पेशींच्या आत तंतूंचा गुंता झाला होता. पहिला पदार्थ म्हणजे अमायलॉइड नावाचे प्रथिन, आणि दुसरा गुंता टाऊ नावाच्या प्रथिनाचा, हे पुढे अनेक वर्षांनी कळले. परंतु मज्जापेशींना आधार देणाऱ्या इतर पेशींतही बदल झाले असल्याचे अल्झायमर यांनी नोंदविले होते. या तिसऱ्या गोष्टीकडे मात्र पुढील कित्येक दशके फारसे कोणी लक्ष दिले नाही. १९१० साली त्यांचे ज्येष्ठ सहकारी एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या ग्रंथात या व्याधीला 'अल्झायमरचा रोग' असे नाव दिले.

या रोगाची पहिली नोंदलेली रुग्ण स्त्री होती. उलटपक्षी, कंपवाताचे वर्णन करणारा जो निबंध लंडनचे डॉ. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली प्रसिद्ध केला, त्यातील सहाही रुग्ण पुरुष होते. एक आणि सहा या संख्यांवरून काही सिद्ध होत नाही, हे खरे. परंतु पुढे हजारो रुग्णांची मोजदाद झाली, तेव्हाही हाच कल दिसून आला. अमेरिकेत अल्झायमरच्या दर तीन रुग्णांपैकी सुमारे दोन स्त्रिया असतात. कंपवात पुरुषांना स्त्रियांच्या सुमारे दीडपट अधिक होतो. मल्टिपल स्क्लेरोसिस नावाचा मज्जासंस्थेचा विकार स्त्रियांना पुरुषांच्या दुप्पट ते तिप्पट होतो; परंतु ज्या पुरुषांना तो होतो, त्यांना पुष्कळदा अपंगत्व लवकर येते.

यावर कोणी म्हणेल, स्त्रिया अधिक वर्षे जगतात, म्हणून म्हातारपणाचा रोग त्यांच्यात अधिक दिसतो. यात नवल ते काय? हा आक्षेप रास्त आहे, आणि अल्झायमरच्या रुग्णांतील तफावतीचा मोठा भाग त्याने उलगडतोही. परंतु सर्व उलगडा त्याने होत नाही. समान वयाच्या, समान बिघाड झालेल्या मेंदूंची तुलना केली, तरीही भेद उरतोच. तो भेद समजून घेण्यासाठी प्रथम मेंदूच्या पहारेकऱ्यांची ओळख करून घेतली पाहिजे.

मेंदूचे पहारेकरी

शेतात काम करताना बोटात काटा मोडला की, थोड्याच वेळात बोट लाल होते, सुजते आणि ठणकू लागते. ही सूज म्हणजे काट्याने केलेला अपाय नव्हे. ती शरीराने उभारलेली लढाई आहे. रक्तातील पांढऱ्या पेशी तेथे धावून येतात, जंतूंना गिळतात, मेलेला भाग दूर करतात. यालाच वैद्यकात 'दाह' असे म्हणतात. काटा निघाला की दाह ओसरतो आणि जखम भरते.

मेंदूची व्यवस्था थोडी वेगळी आहे. रक्तातील पेशींना तेथे सहसा मोकळा प्रवेश नसतो. म्हणून मेंदूने आपले स्वतःचे पहारेकरी ठेवले आहेत. स्पेनचे शास्त्रज्ञ पिओ देल रिओ-ओर्तेगा यांनी १९१९ साली ते प्रथम स्पष्टपणे ओळखले आणि त्यांना 'मायक्रोग्लिया' असे नाव दिले. हे पहारेकरी येतात कोठून, हा वाद पुढे नव्वद वर्षे चालला. २०१० साली उंदरांवरील संशोधनाने असे दाखविले की, मूल आईच्या उदरात अगदी आरंभीच्या अवस्थेत असतानाच गर्भाच्या पोषक पिशवीतून या पेशी निघतात, घडत असलेल्या मेंदूत येऊन वस्ती करतात आणि जन्मभर तेथेच राहतात.

हे पहारेकरी संकट येईपर्यंत झोपलेले असतात, असा पूर्वी समज होता. २००५ साली जिवंत उंदरांच्या मेंदूत डोकावून पाहण्याची सोय झाली, तेव्हा हा समज पार चुकीचा ठरला. आपल्या बारीक फांद्या सतत पुढेमागे करीत या पेशी आसपासचा प्रदेश चाचपीत असतात. मेलेल्या पेशींचा कचरा उचलणे, मज्जापेशींमधील निरुपयोगी जोड खुडून टाकणे, अमायलॉइडच्या डागाभोवती वेढा घालून तो पसरू न देणे, ही सारी कामे त्यांची.

मग बिघडते कोठे? चुलीतील विस्तव चुलीत राहिला तर अन्न शिजते. तोच छपराला लागला तर घर जळते. दाहाचेही तसेच आहे. मेंदूतील डाग हा न निघणारा काटा होऊन बसतो. पहारेकरी वर्षानुवर्षे लढत राहतात, थकतात, आणि त्यांनी सोडलेल्या रसायनांनी शेजारच्या निरोगी मज्जापेशीही होरपळू लागतात. कॅनडातील व्हँकूव्हर येथील पॅट्रिक व एडिथ मॅकगिअर या संशोधक दांपत्याने १९८० नंतरच्या दशकात अल्झायमर आणि कंपवात या दोन्ही रोगांनी दगावलेल्यांच्या मेंदूत असे चवताळलेले पहारेकरी दाखवून दिले. तरीही पुष्कळांना वाटे की, हा दाह म्हणजे आग विझल्यावर उरलेली राख आहे, आगीचे कारण नव्हे. २०१२-१३ च्या सुमारास ट्रेम-२ नावाच्या जनुकाचा शोध पुढे आला. हे जनुक मेंदूत मुख्यतः याच पहारेकरी पेशींत काम करते, आणि त्यातील एका विरळ दोषाने अल्झायमरचा धोका सुमारे तिप्पट होतो असे आढळले. पहारेकऱ्यांच्या दोषाने रोग ओढवू शकतो, हे यामुळे मान्य करावे लागले.

दोन घरांचे दोन पहारे

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. स्त्रीचे आणि पुरुषाचे पहारेकरी एकाच शिस्तीचे असतात काय?

कॅनडातील संशोधकांनी २०१५ साली वेदनेविषयी एक प्रयोग प्रसिद्ध केला. मज्जातंतूला इजा झालेल्या उंदरांच्या पाठीच्या कण्यातील मायक्रोग्लिया पेशींचे काम औषधाने थांबविले, तेव्हा नर उंदरांची वेदना कमी झाली. मादी उंदरांवर काहीच परिणाम झाला नाही. मादीच्या शरीरात तीच वेदना निराळ्याच पेशी, म्हणजे रक्तातील टी-पेशी, चालवीत होत्या. बाहेरून पाहता दोघांचे दुखणे सारखेच. आतील यंत्र मात्र वेगळे.

२०१८ साली इटलीतील मिलान येथील शास्त्रज्ञांनी याहून नवलाची गोष्ट दाखविली. मादी उंदराच्या मेंदूतील पहारेकरी पेशी काढून त्यांनी नराच्या मेंदूत वसविल्या. त्या पेशींनी तेथेही आपला मूळचा स्वभाव सोडला नाही, आणि पुढे मेंदूचा रक्तपुरवठा तोडून इजा केली असता त्या नराच्या मेंदूचे नुकसान कमी झाले. म्हणजे हा भेद केवळ त्या क्षणी रक्तात वाहणाऱ्या रसायनांचा नसून पेशींच्या जडणघडणीत मुरलेला आहे.

यावरून स्त्रीचे पहारेकरी अधिक चांगले, असा निष्कर्ष कोणी काढील, तर तोही घाईचा ठरेल. तारुण्यात जे संरक्षण करतात, तेच वार्धक्यात आणि रोगात उलटू शकतात. डब्लिन येथील संशोधकांनी २०२१ साली अल्झायमरसारखा विकार निर्माण केलेल्या उंदरांचा अभ्यास केला. मादीच्या पहारेकरी पेशी ऊर्जेसाठी साखर घाईघाईने जाळण्याच्या मार्गाकडे अधिक वळल्या होत्या, आणि कचरा गिळण्याचे त्यांचे काम मंदावले होते. धापा टाकणाऱ्या शिपायाच्या हातून पहारा नीट होत नाही, तशीच त्यांची गत झाली होती.

व्रतस्थांनी दिलेली साक्ष

उंदरांवरून माणसाविषयी बोलताना सावध राहिले पाहिजे. माणसाच्या मेंदूचा पुरावा हवा, आणि तो मिळण्याच्या कामी कॅथलिक धर्मभगिनी, धर्मगुरू आणि व्रतस्थ बंधू यांचा मोठा वाटा आहे, ही गोष्ट आपल्या वाचकांना मुद्दाम सांगावीशी वाटते.

१९९४ सालापासून शिकागो येथील रश विद्यापीठाने एक दीर्घ अभ्यास चालविला. अमेरिकेतील निरनिराळ्या मठांतील वृद्ध धर्मभगिनी, धर्मगुरू आणि बंधू यांनी स्वखुशीने त्यात नाव नोंदविले. दर वर्षी स्मरणशक्तीची तपासणी करून घ्यावयाची, आणि मृत्यूनंतर आपला मेंदू संशोधनासाठी द्यावयाचा, असे वचन त्यांनी दिले. शास्त्राच्या दृष्टीने या लोकांचे एक विशेष मोल होते. स्त्रीपुरुषांची तुलना करताना सामान्यतः अनेक गोष्टी मध्ये येतात: कोणी शिकलेले, कोणी अशिक्षित, कोणाला सहा बाळंतपणे, कोणाला एकही नाही. मठातील जीवनात हे भेद पुष्कळच कमी होतात. शिक्षण, जेवणखाण, कामाची घडी, अविवाहित जीवन, यांत दोन्ही बाजू बऱ्याच सारख्या.

२००५ साली या अभ्यासातील १४१ मृत व्यक्तींच्या मेंदूंची माहिती प्रसिद्ध झाली. त्यांत ७७ स्त्रिया आणि ६४ पुरुष होते. मेंदूतील डाग व गुंते मोजून त्यांचे एक माप ठरविले गेले, आणि त्या व्यक्तीची जिवंतपणीची स्मृती कशी होती याच्याशी ते ताडून पाहिले. बिघाड एका मापाने वाढला की, प्रत्यक्ष स्मृतिभ्रंश असण्याचा संभव पुरुषांत सुमारे तिप्पट होत होता. स्त्रियांत तो विसपटीहून अधिक होत होता. १४१ ही संख्या फार मोठी नव्हे, म्हणून या आकड्यांना तंतोतंत धरून बसू नये. परंतु त्यांची दिशा स्पष्ट आहे. तोच बिघाड पुरुषाचा मेंदू काही काळ सोसून नेतो, आणि स्त्रीच्या मेंदूत मात्र तो रोगाच्या रूपाने लवकर प्रकट होतो.

२०१९ साली मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रशास्त्र संस्थेतील संशोधकांनी रश विद्यापीठाच्या मेंदूसंग्रहातील ४८ व्यक्तींच्या ऐंशी हजारांवर पेशी एकेक करून तपासल्या. रोगाच्या खुणा असलेल्या पेशींच्या गटांत स्त्रियांच्या पेशींचा भरणा अधिक होता. रोग वाढू लागल्यावर पुरुषांच्या मेंदूतील काही आधारपेशी नेटाने कामाला लागल्याचे दिसत होते. स्त्रियांच्या मेंदूत तसा प्रतिसाद दिसला नाही. ज्या वृद्ध भगिनींनी आणि बंधूंनी मरणोत्तर हे दान दिले, त्यांची नावे लोकांना ठाऊक नाहीत. पण त्यांच्या दानावाचून हे ज्ञान माणसाला लाभले नसते.

भेदाचे मूळ

या भेदाची कारणे एकाहून अधिक आहेत. पहिले कारण जन्मजात आहे. स्त्रीच्या प्रत्येक पेशीत एक्स नावाची दोन गुणसूत्रे असतात, पुरुषाच्या पेशीत एक एक्स आणि एक वाय. स्त्रीच्या दोन एक्सपैकी एक पेशीत मिटून ठेवलेले असते, हे ब्रिटिश शास्त्रज्ञ मेरी लायन यांनी १९६१ साली मांडले. परंतु हे मिटणे पुरते नसते. काही जनुके त्यातूनही निसटतात आणि दोन्हीकडून काम करीत राहतात. प्रतिकारशक्तीशी संबंधित पुष्कळ जनुके एक्सवरच आहेत. त्यामुळे स्त्रीची प्रतिकारशक्ती सामान्यतः अधिक तल्लख असते. तिला संधिवातासारखे स्वतःच्याच शरीरावर उलटणारे विकार अधिक होतात, त्याचेही हे एक कारण मानले जाते. २०२२ साली अमेरिकेतील संशोधकांनी एक्सवरील आणखी एका जनुकाचा मासला दाखविला. त्याचे काम स्त्रियांच्या मेंदूत अधिक चालते आणि त्यामुळे टाऊ प्रथिन साचून राहण्यास मदत होते. मात्र दुसरे एक्स नेहमी घातकच असते असे नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरील प्रयोगांत त्याच्यामुळे मेंदूला बळ मिळत असल्याचेही दिसले आहे.

दुसरे कारण संप्रेरकांचे. स्त्रीच्या अंगातील इस्ट्रोजेन हे संप्रेरक मेंदूतील पहारेकऱ्यांना लगाम घालते. पन्नाशीच्या आसपास मासिक धर्म बंद होतो, तेव्हा हा लगाम थोड्या वर्षांत सुटतो. पुरुषाच्या अंगातील संप्रेरके मात्र हळूहळू उतरतात.

तिसरे कारण वारशाचे. एपीओई-४ नावाचे जनुक अल्झायमरचा धोका वाढविते, हे १९९३ पासून ठाऊक आहे. २०१७ साली सुमारे ५८,००० लोकांची माहिती एकत्र करून पाहिली असता, ६५ ते ७५ या वयात हे जनुक बाळगणाऱ्या स्त्रियांना तेच जनुक बाळगणाऱ्या पुरुषांहून अधिक धोका असल्याचे आढळले.

विलंब का लागला?

इतका महत्त्वाचा भेद इतकी वर्षे नजरेआड कसा राहिला? याचे उत्तर शास्त्राला भूषणावह नाही. प्रयोगशाळांत बहुतेक वेळा नर उंदरच वापरले जात. मादीच्या शरीरातील संप्रेरकांच्या चढउतारांमुळे निकालांत घोटाळा होईल, असे कारण सांगितले जाई. २००९ सालच्या संशोधनपत्रिकांची पाहणी केली, तेव्हा मज्जाशास्त्रात केवळ नरांवर केलेले प्रयोग केवळ माद्यांवर केलेल्या प्रयोगांच्या साडेपाच पट निघाले. आणि गंमत अशी की, २०१४ साली शेकडो लेखांतील आकडे तपासून पाहिले, तेव्हा माद्यांचे निकाल नरांपेक्षा अधिक अस्थिर नसतात असे दिसून आले! म्हणजे ज्या कारणासाठी निम्मी सृष्टी वगळली, ते कारणच मुळात खरे नव्हते.

माणसांवरील चाचण्यांतही असेच घडले. १९७७ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, अपत्य होऊ शकेल अशा वयाच्या स्त्रियांना औषधांच्या आरंभीच्या चाचण्यांतून दूर ठेवावे असा दंडक घातला. पोटातील बाळास इजा होऊ नये, हा हेतू चांगला होता. परंतु परिणाम असा झाला की, पुरुषांवर पारखलेली औषधे स्त्रियांना त्याच मापाने दिली जाऊ लागली. झोल्पिडेम या झोपेच्या औषधाचे उदाहरण बोलके आहे. स्त्रीच्या शरीरातून हे औषध अधिक सावकाश बाहेर पडते. पण तिच्यासाठी त्याची मात्रा १० मिलिग्रॅमवरून ५ वर आणण्याचा आदेश २०१३ साली निघाला; तोपर्यंत ते बाजारात येऊन वीस वर्षे होऊन गेली होती. १९९३ साली अमेरिकेत कायद्याने स्त्रियांचा चाचण्यांतील समावेश आवश्यक केला, आणि २०१६ पासून तेथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेने, प्राण्यांवरील संशोधनातही दोन्ही लिंगांचा विचार करण्याची अट घातली.

हा प्रश्न आता जुना झाला, असे मात्र म्हणता येत नाही. लेकॅनेमॅब या अमायलॉइड हटविणाऱ्या नव्या औषधाची १,७९५ रुग्णांवरील चाचणी २०२२ साली प्रसिद्ध झाली. एकंदरीत रोगाची घसरण २७ टक्क्यांनी मंदावली. पण वेगवेगळे आकडे पाहता पुरुषांत ती ४३ टक्क्यांनी, तर स्त्रियांत अवघ्या १२ टक्क्यांनी मंदावलेली दिसली. हा फरक योगायोगाचाही असू शकेल, कारण हा प्रश्न सोडविण्यासाठी ती चाचणी आखलेलीच नव्हती. ज्या रोगात स्त्रियांची संख्या अधिक, त्याच्या औषधाविषयी स्त्रियांपुरता निश्चित निकाल हाती नसावा, हीच खरी खंत आहे.

आपल्या घरात

हे सर्व जाणून घेऊन खेड्यातील कुटुंबाने काय करावे? हा प्रश्न आपल्यालाही दूरचा नाही. भारतात साठीच्या पुढील लोकांची जी राष्ट्रीय पाहणी झाली, तिचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार शंभरांतील सुमारे ७.४ वृद्धांना, म्हणजे देशातील सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरापेक्षा खेड्यात तो अधिक आहे. शिक्षण जितके कमी, तितका धोका अधिक. म्हणजे आपल्या आजीच्या मेंदूत केवळ एक्स गुणसूत्र काम करीत नाही. तिला लहानपणी शाळेत घातले नाही, हेही काम करीत आहे. त्यामुळे आज मुलीला शाळेतून काढून घरी बसविणारा बाप तिच्या सत्तराव्या वर्षीच्या मेंदूचाही निर्णय नकळत घेत असतो. ज्या वृद्ध स्त्रियांना शाळा लाभली नाही, त्यांच्या बाबतीतही एक आशादायक गोष्ट आहे. हैदराबाद येथे ६४८ रुग्णांचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत स्मृतिभ्रंश सुमारे साडेचार वर्षे उशिरा सुरू झाला होता, आणि निरक्षर लोकांतही हा लाभ दिसला. घरात मराठी आणि बाजारात कानडी, तेलुगू किंवा कोंकणी बोलणाऱ्या आपल्या आयाबहिणींनी ही सवय वार्धक्यातही सोडू नये.

दुसरी गोष्ट, आईचे विसरणे ओळखण्यात चूक होते. शब्द लक्षात ठेवण्यात आणि बोलण्यात स्त्रिया सामान्यतः पुरुषांहून सरस असतात. रोगाच्या आरंभी हे बोलणे शाबूत राहते, त्यामुळे साध्या चाचणीतही त्या उत्तीर्ण होतात. 'आई तर चांगली बोलते,' असे म्हणून घरचे निश्चिंत राहतात, आणि रोग पुढे गेल्यावर तो एकाएकी आल्यासारखा वाटतो. म्हणून केवळ तिच्या बोलण्याकडे न पाहता कामाकडे पाहावे. चाळीस वर्षे केलेला पदार्थ तिला आता जमत नाही काय? पैशाचा हिशेब चुकतो काय? ओळखीच्या वाटेवर ती गोंधळते काय? विनाकारण कोणावर चोरीचा संशय घेते काय? तसे असेल तर तिला रागे भरू नये, डॉक्टरांकडे न्यावे. थायरॉइड ग्रंथीची मंदता, बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव आणि मनाची खिन्नता यांनीही असेच विसरणे येते, आणि त्यांवर उपाय आहे. थायरॉइडचा विकार तर स्त्रियांतच अधिक आढळतो.

तिसरी गोष्ट, दाह वाईट म्हणून तो दडपण्यासाठी मनाने गोळ्या घेऊ नयेत. वेदनाशामक गोळ्यांनी अल्झायमर टळतो काय, हे पाहण्यासाठी अमेरिकेत मोठी चाचणी झाली. २००७-०८ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निकालांत काही लाभ दिसला नाही. संप्रेरकांच्या गोळ्यांचीही तीच कथा. ६५ वर्षांवरील साडेचार हजार स्त्रियांच्या चाचणीत, इस्ट्रोजेन व प्रोजेस्टिन एकत्र घेणाऱ्यांत स्मृतिभ्रंश कमी न होता दुप्पट झाला, असे २००३ साली आढळले. पहारेकऱ्याचे हात बांधल्याने घर सुरक्षित होत नाही.

मग करण्यासारखे काय? २०२४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञमंडळाने चौदा कारणे सांगितली, आणि ती सर्व टाळता आली तर सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू शकेल किंवा लांबणीवर पडेल असा अंदाज दिला. रक्तदाब, मधुमेह, ऐकू न येणे, अधू दृष्टी, खिन्नता, एकटेपणा, धूम्रपान, अतिमद्यपान, डोक्याला इजा, हवेतील धूर ही त्यांतली काही. आपल्याकडे यांतही स्त्रीपुरुषांच्या वाटा निराळ्या आहेत. पुरुषांनी विडी आणि दारू यांचा, तसेच शिरस्त्राणाशिवाय दुचाकीवर बसण्याचा विचार करावा. घरातील स्त्रीच्या बाबतीत चुलीचा धूर, न तपासलेला रक्तदाब, नवरा गेल्यावर आलेला एकटेपणा आणि 'आता या वयात चष्मा कशाला' हे वाक्य, यांचा विचार मुलांनी करावा. शरीर हलते ठेवणेही उपयोगी आहे. अंगमेहनत करीत राहणाऱ्या वृद्धांच्या मेंदूतील पहारेकरी कमी चवताळलेले असतात, असे रश विद्यापीठाच्या मेंदूंवरूनच २०२२ साली दिसून आले.

शेवटी आणखी एक. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची जी शुश्रूषा होते, तिचे ७० टक्के तास स्त्रिया देतात. म्हणजे या रोगाची झळ स्त्रीला दोनदा बसते. एकदा स्वतः रुग्ण म्हणून, आणि एकदा रुग्णाची सून, मुलगी वा पत्नी म्हणून. रात्र रात्र जागणाऱ्या सुनेचा रक्तदाब वाढला, तिची झोप गेली, तर पुढच्या पिढीतील रोगाची पायाभरणी त्याच घरात होत असते. तेव्हा ज्या घरात असे वृद्ध माणूस आहे, तेथील मुलांनी आणि जावयांनी आठवड्यातील काही रात्री आणि काही दुपारी आपल्या वाट्यास घ्याव्यात. शास्त्र नवे औषध शोधील तेव्हा शोधील. हे काम आजच्या आज होण्यासारखे आहे.